झेंडा उतरला, हिशेब बाकी

कोलंबिया म्हटले की आपल्या घराघरांतून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आठवते. बाबासाहेब १९१३ साली तेथे शिकावयास गेले, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. आज आम्ही ज्या कोलंबियाविषयी लिहीत आहोत ते मात्र निराळे. न्यूयॉर्कपासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर, दक्षिणेकडील साउथ कॅरोलायना राज्याची ही राजधानी. या राज्याच्या विधानभवनावर आणि नंतर त्याच्या आवारात गुलामगिरीसाठी लढलेल्या फौजांचा झेंडा १९६१ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे ५४ वर्षे फडकत होता. आता तो तेथे नाही.

आमचा भाचा शार्लट शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता रजा टाकून तिकडे गेलो, तेव्हा कुठे फिरावयाचे याची चर्चा निघाली. आम्ही कोलंबिया आणि चार्ल्सटन ही नावे घेतली. भाचा म्हणाला, "मामा, लोक इकडे आले की नायगारा बघतात. तो झेंडा तर कधीच काढला. आता तिथं बघायला काय उरलंय?"

काढल्यानंतर काय उरते, हेच तर आम्हाला पाहावयाचे होते.

विधानभवनाच्या आवारात

शार्लटहून कोलंबिया मोटारीने दीड तास. विधानभवन करड्या ग्रॅनाइट दगडाचे, वर तांब्याचा घुमट. समोर हिरवळ आणि तिच्यात उंच खांबावर उभा असलेला दगडी शिपाई. याच शिपायाच्या शेजारी झेंड्याची काठी होती. आता तेथे नुसते गवत आहे. ठिकाण माहीत नसलेला माणूस त्यावरून सहज चालत जाईल.

या झेंड्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेतील राज्ये अमेरिकेतून फुटली. त्यात पहिले राज्य साउथ कॅरोलायना. तारीख २० डिसेंबर १८६०. त्या काळी या राज्यातील निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. पुढे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, दक्षिण हरली, गुलामगिरी कायद्याने संपली. मग हा झेंडा १९६१ साली घुमटावर कसा चढला? निमित्त होते युद्धाच्या शताब्दीचे. परंतु ते वर्ष पाहावे. कृष्णवर्णीय विद्यार्थी तेव्हा हॉटेलात, बसमध्ये आणि शाळेत समान जागा मागत होते. त्या मागणीला वरून दिलेले हे उत्तर होते, असेच कृष्णवर्णीय समाज मानीत आला. मोठमोठे मोर्चे निघाले, बहिष्कार पुकारला गेला. तेव्हा २००० साली तडजोड झाली. झेंडा घुमटावरून खाली आला आणि शिपायाच्या शेजारी उभा राहिला. म्हणजे आधी मान वर केल्यावर दिसे, तो आता थेट डोळ्यांसमोर आला! त्याच वेळी कायदा झाला की, अशा स्मारकांना हात लावावयाचा तर दोन तृतीयांश मते पाहिजेत.

इमारतीच्या पश्चिम भिंतीवर कांस्याचे सहा तारे बसवलेले आहेत. १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनच्या तोफांचे गोळे जेथे लागले, तेथे ही खूण केली आहे. भिंतीला झालेल्या सहा जखमा या राज्याने दीडशे वर्षांहून अधिक काळ जपल्या. माणसांना झालेल्या जखमांसाठी याच आवारात स्मारक उभे राहावयास २००१ साल उजाडावे लागले. ते स्मारक आम्ही पाहिले. गुलामांच्या जहाजात माणसे कशी खेटून निजवत, त्याचा नकाशा तेथे कोरला आहे, आणि आफ्रिकेच्या ज्या भागांतून माणसे धरून आणली तेथील चार दगड बसवले आहेत.

याच आवारात बेन टिलमन याचा पुतळा आहे. हा राज्याचा गव्हर्नर आणि पुढे सिनेटर होता. १८७६ साली हॅम्बर्ग गावी कृष्णवर्णीयांची हत्या झाली, त्या टोळीत आपण होतो, हे तो अभिमानाने सांगे. १८९५ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला, त्याचा मुख्य सूत्रधारही हाच. झेंडा गेला, हा आहे तिथेच आहे.

जरा पलीकडे स्ट्रॉम थरमंड यांचा पुतळा आहे. १९५७ साली नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध ते चोवीस तासांहून अधिक वेळ बोलत उभे राहिले होते. पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्यांच्या चार मुलांची नावे होती. तरुणपणी घरच्या कृष्णवर्णीय मोलकरणीपासून त्यांना झालेली मुलगी त्यांच्या मृत्यूनंतर जगापुढे आली, तेव्हा २००४ साली तिचेही नाव कोरले गेले. 'चार' हा शब्द खोडून 'पाच' केल्याची खूण दगडावर दिसते. आमच्या पत्नीने त्यावरून बोट फिरवले आणि म्हटले, "मनात आलं तर दगडही दुरुस्त होतो म्हणायचा."

तेवीस दिवस

१७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बुधवारचा बायबलचा पाठ चालू होता. एकवीस वर्षांचा एक गोरा तरुण आत आला. लोकांनी त्याला प्रेमाने बसवून घेतले. तो सुमारे तासभर बसला, आणि डोळे मिटून प्रार्थना चालू असताना त्याने नऊ जणांना गोळ्या घालून ठार केले. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. तो कोलंबियाच्याच परिसरातला होता. हाच झेंडा हातात धरलेली त्याची छायाचित्रे नंतर बाहेर आली.

मृतांमध्ये चर्चचे पाळक क्लेमेंटा पिंकनी होते. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते; वय ४१. सिंथिया हर्ड या ग्रंथपाल होत्या. सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी ३१ वर्षे नोकरी केली. ८७ वर्षांची एक आजी होती आणि तिचाच नातलग असलेला २६ वर्षांचा तरुण होता.

राज्याने दुखवटा पाळला. घुमटावरील देशाचा आणि राज्याचा झेंडा अर्ध्यावर उतरला. शिपायाशेजारचा झेंडा मात्र काठीच्या टोकावरच राहिला, कारण कायद्याप्रमाणे विधिमंडळाच्या ठरावाशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. २४ जूनला पिंकनी यांचे पार्थिव घोडागाडीतून विधानभवनात आणले, ते त्या झेंड्यासमोरून. आतून तो दिसू नये म्हणून खिडकीवर काळा पडदा टाकला होता. ज्या द्वेषाने माणूस मारला त्याची खूण बाहेर डौलाने फडकते आहे, आणि मृताची लाज राखण्यासाठी राज्याजवळ काय आहे, तर एक पडदा!

२७ जूनला ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी काठीवर चढली आणि तिने झेंडा हाताने काढून खाली आणला. तिला अटक झाली आणि थोड्याच वेळात झेंडा पुन्हा चढवला गेला. तेव्हाच्या गव्हर्नर निक्की हेली, ज्यांचे आईवडील पंजाबातून तिकडे गेलेले शीख, त्यांनी झेंडा काढण्याची मागणी त्याआधीच केली होती. विधिमंडळात तेरा तासांवर चर्चा चालली आणि मध्यरात्र उलटल्यावर ९४ विरुद्ध २० मतांनी कायदा संमत झाला. नऊ कुटुंबांसाठी नऊ लेखण्या वापरून त्यावर सही झाली. १० जुलैला सकाळी झेंडा उतरला आणि संग्रहालयात गेला. त्याच दिवशी काठीही उपटली.

चोपन्न वर्षांत जे झाले नाही, ते नऊ प्रेते पडल्यावर तेवीस दिवसांत झाले.

चार्ल्सटनकडे

कोलंबिया ते चार्ल्सटन दोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना पाइनची झाडे. वाटेत ऑरेंजबर्ग लागते. ८ फेब्रुवारी १९६८ रोजी येथील कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. मागणी एवढीच होती की, गावातल्या खेळघरात आम्हालाही प्रवेश द्या. तिघे ठार झाले, २८ जखमी झाले. नऊ पोलिसांवर खटला झाला, नऊही सुटले. तुरुंगात गेला तो चळवळीतला एक तरुण, क्लीव्हलँड सेलर्स, जो स्वतः गोळी लागून जखमी झाला होता. त्याला १९९३ साली माफी मिळाली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

चार्ल्सटन समुद्रकाठचे देखणे गाव. रंगीत घरे, लांबलचक ओसऱ्या, खाऱ्या वाऱ्याचा वास. उत्तर अमेरिकेत जेवढे आफ्रिकी गुलाम आणले त्यांपैकी सुमारे चाळीस टक्के या एका बंदरातून उतरले, असे सांगतात. ज्या गॅड्सडेन धक्क्यावर त्यांना उतरवीत, तेथेच २०२३ साली मोठे संग्रहालय उघडले. इमारत खांबांवर उचललेली आहे. खालची जमीन मोकळी ठेवली आहे. तेथे उथळ पाण्याखाली, जहाजात निजवलेल्या माणसांच्या आकृती दिसतात. त्या काठावर लोक मोठ्याने बोलत नाहीत.

इमॅन्युएल चर्च पांढरेशुभ्र, उंच मनोऱ्याचे. लोक त्याला 'मदर', म्हणजे आई म्हणतात. गोऱ्यांच्या चर्चमध्ये अपमान सोसण्यापेक्षा आपले वेगळे चर्च काढावे म्हणून १८१८ च्या सुमारास कृष्णवर्णीय लोक बाहेर पडले, त्यांचे हे घर. त्यांच्यातल्या डेन्मार्क व्हेसी या सुताराने १८२२ साली गुलामांच्या उठावाची योजना केली. ती फुटली, त्याच्यासह ३५ जणांना फाशी दिले, चर्च उद्ध्वस्त केले. १८३४ साली कृष्णवर्णीयांच्या सर्वच चर्चवर बंदी आली. मग १८६५ पर्यंत हे लोक लपून प्रार्थना करीत. आजची इमारत १८९१ ची.

हे चर्च ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव कॅल्हून स्ट्रीट. गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे, असे देशाच्या सिनेटमध्ये सांगणारा हाच तो कॅल्हून. त्याचा पुतळा चर्चपासून चालत दोन-तीन मिनिटांवर, शंभर फुटांहून उंच खांबावर होता. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाने हत्या केल्यावर देश पेटला, तेव्हा नगरपालिकेने एकमताने ठराव करून जूनमध्ये तो उतरवला. पुतळा गेला, रस्त्याचे नाव आहे. व्हेसीचाही पुतळा २०१४ पासून शहरात आहे. पण ज्या बागेत आहे तिचे नाव गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरल हॅम्प्टनचे!

दुःखाचे काय?

हत्येनंतर दोनच दिवसांनी मारेकऱ्याला न्यायालयापुढे उभे केले. काही मृतांच्या नातलगांनी रडत रडत त्याला क्षमा केल्याचे सांगितले. साऱ्या अमेरिकेने त्यांचे कौतुक केले. परंतु क्षमा करू न शकलेले नातलगही होते. त्यांचे दुःख कमी प्रतीचे नव्हते. क्षमा ही दुःखी माणसाने द्यावयाची गोष्ट आहे, इतरांनी मागावयाची नव्हे. झेंड्याचेही तसेच. "झेंडा काढला ना, आता शांत व्हा," असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

पिंकनी स्वतः काय करीत होते, ते पाहावे. ४ एप्रिल २०१५ रोजी शेजारच्या नॉर्थ चार्ल्सटनमध्ये वॉल्टर स्कॉट हा निःशस्त्र कृष्णवर्णीय माणूस पळत असता पोलिसाने पाठीमागून गोळ्या घालून मारला. पिंकनी यांनी पोलिसांच्या अंगावर कॅमेरा असावा म्हणून सिनेटमध्ये खटपट केली. त्या कायद्यावर १० जूनला सही झाली. पुढच्या बुधवारी त्यांना मारले.

त्यांच्याच नावाने द्वेषमूलक गुन्ह्यांना जादा शिक्षा देणारे विधेयक आले. खालच्या सभागृहाने ते २०२१ मध्ये संमत केले, पुन्हा २०२३ मध्ये संमत केले. सिनेटमध्ये ते अडकले. जून २०२५ मध्ये हत्येला दहा वर्षे झाली, तेव्हाही राज्यात असा कायदा नव्हता. दुसरी गोष्ट बंदुकीची. मारेकऱ्याच्या नावावर अमली पदार्थांची नोंद होती. तपासणी नीट झाली असती तर त्याला पिस्तूल मिळाले नसते. पण तीन दिवसांत सरकारचे उत्तर आले नाही तर दुकानदार माल देऊ शकतो, असा नियम. ही पळवाट बुजवणारी विधेयके वॉशिंग्टनला २०१९ आणि २०२१ मध्ये खालच्या सभागृहात संमत झाली आणि तेथेच थांबली.

या चुकीबद्दल सरकारने २०२१ साली मृतांची कुटुंबे आणि वाचलेली माणसे यांना ८ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ८८ हा आकडा वंशद्वेषी टोळ्या हिटलरच्या जयजयकाराची खूण म्हणून वापरतात. मारेकऱ्यानेही ८८ गोळ्या नेल्या होत्या. तोच आकडा कुटुंबांच्या बाजूने मुद्दाम धरला गेला. त्यांचे एक वकील होते बकारी सेलर्स. ऑरेंजबर्गच्या त्या क्लीव्हलँड सेलर्सचे चिरंजीव. बाप तुरुंगात गेला आणि मुलाने सरकारकडून भरपाई वसूल केली. पिंकनी यांच्या पत्नीही स्वस्थ बसल्या नाहीत. स्मारकांना संरक्षण देणाऱ्या कायद्याविरुद्ध त्या इतर दोघांसह न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा ठेवला, पण दोन तृतीयांश मतांची अट रद्द केली. दुःख असेही वाट काढते.

टोपल्या विकणाऱ्या बाई

जुन्या बाजारात गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका बसतात. आफ्रिकेतून आलेली ही कला गुल्ला लोकांनी जपली आहे. साठीच्या एका बाईंजवळ आम्ही थांबलो. बोलणे भाच्याने समजावून सांगितले. झेंड्याविषयी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी इथंच बसले होते. संध्याकाळी टीव्हीवर पाहिलं आणि रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा इथंच येऊन बसले."

घर कुठे, असे पत्नीने विचारले. त्या म्हणाल्या, "पूर्वी इथून पंधरा मिनिटं चालत. आता भाडं परवडत नाही. दोन बस बदलून येते."

एकट्या त्यांचीच ही गोष्ट नाही. १९८० च्या सुमारास या शहरातली जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती. २०२० च्या शिरगणतीत ती पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरली. शेजारच्या नॉर्थ चार्ल्सटनमध्ये २०१६ साली भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे प्रमाण देशातील मोठ्या शहरांत सर्वांत अधिक होते; शंभर भाड्याच्या घरांमागे सोळाहून जास्त. पुतळा उतरवला तेव्हा टाळ्या वाजवायला जी माणसे हवीत, तीच गावाबाहेर चालली आहेत.

जमा आणि नावे

आम्ही पेशाने कारकून. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. जमेच्या बाजूला झेंडा उतरला, कॅल्हूनचा पुतळा उतरला, संग्रहालय झाले, आणि २०१८ साली नगरपालिकेने गुलामगिरीबद्दल माफी मागितली. तीही ७ विरुद्ध ५ मतांनी. नावे बाजूला द्वेषगुन्ह्याचा कायदा, बंदुकीची पळवाट, घरभाडे, आणि टिलमनचा पुतळा. ज्यात कोणाच्या खिशाला वा सत्तेला धक्का लागत नाही, ते तेवीस दिवसांत झाले. जेथे लागतो, तेथे दहा वर्षे कमी पडली. व्याज भरले, मुद्दल तसेच आहे.

म्हणून झेंडा काढणे फुकट होते काय? मुळीच नाही. तो एखाद्याच्या घरावरचा झेंडा नव्हता, राज्याचा होता. ज्या कचेरीच्या दारावरच तुमचा अपमान लिहिला आहे, तेथे तुमचा अर्ज कोण वाचणार? तो अपमान आधी पुसलाच पाहिजे. पण पुसणे म्हणजे अर्ज मंजूर होणे नव्हे.

हे आपल्याला नवीन नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात कोणाची घरे जळाली, कोणी प्राण दिले, हे आपण जाणतो. ते नाव अक्षरांपुरते असते तर एवढे रक्त सांडलेच नसते. तसेच डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. चांगलेच झाले. पण फलक बदलल्यावर त्या वस्तीच्या नळाला पाणी किती वेळ येते, गटार कोण साफ करते, घराचा उतारा कोणाच्या नावावर आहे, हे प्रश्न जुनेच असतात. ते विचारणे म्हणजे कुरकूर नव्हे.

तेव्हा फलक उतरेल त्या दिवशी पेढे जरूर वाटावेत. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्या दारी आधी जावे, आणि त्यांना काय हवे ते विचारावे. आपणच ठरवू नये. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडताच जो अर्ज द्यावयाचा, तो आदल्या रात्रीच लिहून, सह्या घेऊन तयार ठेवावा. त्याची पोच घ्यावयास विसरू नये.